आवाजावर पोट भरायचं तर

भात झोडून झालं, पेंढा रचून झाला की शहापूर आणि मुरबाड तालुक्यांतल्या रिकाम्या शेतांत टेनिस क्रिकेटच्या खेळपट्ट्या तयार होतात. कडेला मांडव, मांडवात टेबल आणि टेबलाशी माइक धरून बसलेला एक मुलगा. सकाळपासून दिवे लागेपर्यंत तो बोलत असतो. धावसंख्या सांगतो, बक्षीस देणाऱ्यांची नावं मानासकट घेतो, सीमारेषेवर आलेली म्हैस हाकलायला सांगतो, मध्येच एखादा शेर टाकतो. हल्ली हे सामने यूट्यूबवर थेट दिसतात, त्यामुळे पोटापाण्यासाठी गाव सोडलेल्यांच्याही कानावर हा आवाज पडतो. संध्याकाळी कोणीतरी त्याच्या पाठीवर थाप मारून म्हणतं, "काय आवाज आहे रे तुझा! डबिंगला जा तू."

हा लेख त्या मुलासाठी आहे. शाळेच्या स्नेहसंमेलनात दरवर्षी सूत्रसंचालन करणाऱ्या मुलीसाठीही आहे, जिला असं सहसा कोणी म्हणत नाही.

आधी एक गैरसमज दूर करू. भारदस्त आवाज ही या धंद्यातली सगळ्यात मोठी गरज नाही. 'बाहुबली'च्या हिंदी आवृत्तीत प्रभासला शरद केळकरांचा आवाज आहे, आणि पूर्वी आपण बोलताना अडखळायचो हे त्यांनी स्वतःच अनेकदा सांगितलं आहे. तोच चित्रपट मराठीत आला तेव्हा बाहुबलीला गश्मीर महाजनीने आणि कटप्पाला उदय सबनीसांनी आवाज दिला. तिघेही आधी नट आहेत. 'निंजा हातोडी' हिंदीत बघत मोठी झालेली एक अख्खी पिढी आहे. तिच्यातल्या कितीजणांना माहीत असतं की त्या पोरगेल्या निंजाचा आवाज मेघना एरंडे यांचा, म्हणजे एका बाईचा आहे? कार्टूनमधल्या लहान मुलांची पात्रं बहुतेक वेळा स्त्रियाच करतात. तेव्हा "माझा आवाज बारीक आहे" म्हणून मागे सरणाऱ्या मुलींनी खरं तर दोन पावलं पुढे यावं.

स्टुडिओत बसलेला माणूस तुमच्यात तीन गोष्टी बघतो. हातात दिलेला कागद पहिल्या वाचनातच कळतो का. एकच वाक्य चार तऱ्हांनी म्हणता येतं का. आणि "थोडं कमी करा" असं सांगितल्यावर नेमकं काय कमी करायचं ते उमगतं का. तिन्ही गोष्टी सरावाने येतात, आणि त्यांचा सराव गावात बसून करता येतो.

त्यातली पहिली, वाचनाची, सर्वांत अवघड. आपल्याकडे मोठ्याने वाचायची सवय चौथीनंतर सुटते. पोथी वाचणाऱ्या घरांत ती थोडीफार टिकून आहे, आणि अशा घरातली मुलं माइकसमोर लवकर रुळतात. रोज अर्धा तास वर्तमानपत्र मोठ्याने वाचा: एक अग्रलेख, एक खेळाची बातमी, एक जाहिरात. फोनवर ध्वनिमुद्रित करा, पण लगेच ऐकू नका. दुसऱ्या दिवशी ऐका, म्हणजे कान जरा परक्यासारखे होतात. श्वास कुठे तुटला, वाक्याच्या शेवटी आवाज कुठे पडला, कोणता शब्द गिळला, ते पेन्सिलीने त्या कात्रणावरच खुणा करून ठेवा. वाक्याचा शेवट गिळणं हा आपल्याकडचा सार्वत्रिक दोष आहे. मराठीत क्रियापद शेवटी येतं, आणि तेच ऐकू येत नाही.

वाचताना वाचल्यासारखं वाटू नये, याचा धडा मराठीला आकाशवाणीने दिला. 'पुन्हा प्रपंच' या श्रुतिकामालिकेत बाळ कुडतरकर, नीलम प्रभू आणि प्रभाकर जोशी हातातले कागद वाचूनच बोलत. पण मुंबई केंद्र ऐकणाऱ्या घरांना पंत, मीनावहिनी आणि टेकाडेभावजी ही शेजारची माणसं वाटत. जुन्या श्रुतिका कुठे ऐकायला मिळाल्या तर आवर्जून ऐका. कागद उलटल्याचा आवाज येऊ न देणं हीसुद्धा तेव्हा एक कला होती.

आता बोलीकडे येऊ, कारण शहापूर-मुरबाडच्या मुलांना सगळ्यात जास्त संकोच तिचाच असतो. आपल्या भागात कुणबी, आगरी, ठाकरी, कातकरी, वारली, महादेव कोळी अशी बोलण्याची अनेक वळणं आहेत. कुठे 'ळ'चा 'ल' होतो, कुठे 'ण'चा 'न'. प्रमाण मराठीतल्या जाहिरातीत 'पानी' आणि 'काला' चालणार नाही, हे उघड आहे. त्यासाठी 'ण' आणि 'ळ' वेगळे घोटावे लागतील. जीभ टाळूकडे मागे वळवून म्हणायची ही अक्षरं आहेत, आणि आठ-दहा आठवडे रोज पंधरा मिनिटं दिली तर ती बसतात. त्याहून चकवणारं म्हणजे 'च' आणि 'ज' यांचे दोन दोन उच्चार. 'चार' आणि 'चारा' यांतला 'च' एक नाही. 'जल' आणि 'जहाज' यांतला पहिला 'ज'ही एक नाही. लिपीत फरक दिसत नाही, कानाने पकडावा लागतो. शिवाय 'सिंह', 'संयम', 'संशय' यांतला अनुस्वार कसा उच्चारायचा हे चांगल्या वृत्तनिवेदकांकडून शिकावं.

पण बोली पुसून टाकू नका. माझं मत विचाराल तर आपल्या भागातल्या मुलांची खरी पुंजी तीच आहे. मालिकेतला ट्रकवाला, जाहिरातीतली भाजीवाली, कथेतला रानातला म्हातारा या पात्रांना आवाज हवा असतो तेव्हा शहरी कलाकार एक ठरावीक 'गावठी' हेल काढतात. तो हेल महाराष्ट्रात कुठेच कोणी बोलत नाही. ज्याला अस्सल कुणबी किंवा आगरी वळण येतं आणि शिवाय प्रमाण मराठीही स्वच्छ येते, त्याला मागणी आहे. 2023च्या आयपीएलला जिओसिनेमाने मराठीच्या जोडीने भोजपुरी समालोचनही दिलं. ते कशासाठी, हे डोंबिवलीच्या एखाद्या मुलापेक्षा डोळखांबच्या मुलाला लवकर कळेल. हिंदीही सुधारा. जाहिरातीत आणि डबिंगमध्ये दोन भाषा येणाऱ्याला कामं जास्त मिळतात, हे सरळ गणित आहे.

सरावासाठी मजकूर कुठून आणायचा? स्वतःच्या कानांसाठी काहीही वाचा. यूट्यूबवर टाकणार असाल तर मात्र कायदा बघा. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर 60 वर्षं त्याच्या साहित्यावर स्वामित्वहक्क असतो. पु. ल. देशपांडे 2000 साली गेले, म्हणजे त्यांचं लेखन 2060 संपेपर्यंत परवानगीशिवाय वाचून प्रसिद्ध करता येणार नाही. साने गुरुजी 1950 साली गेले. 'श्यामची आई' आता सर्वांसाठी खुली आहे. हरिभाऊ आपटे, राम गणेश गडकरी, लक्ष्मीबाई टिळक यांचं साहित्यही खुलं आहे. यातलं एखादं पुस्तक पूर्ण ध्वनिमुद्रित करून बघा. पाच मिनिटं छान वाचणारे पुष्कळ असतात. पाच तास एकाच पातळीवर, पात्रांचे आवाज न विसरता वाचणारा माणूस श्राव्य पुस्तकांच्या कामाला लागतो. स्टोरीटेलने 2017 मध्ये भारतात पाऊल ठेवल्यापासून मराठी श्राव्य पुस्तकांना बाजार मिळाला आहे. कुकू एफएम, पॉकेट एफएम यांच्यासारख्या मंचांवर मालिकास्वरूप कथा चालतात. वरळीच्या नॅशनल असोसिएशन फॉर द ब्लाइंडचं बोलक्या पुस्तकांचं केंद्र आहे. दृष्टिहीनांसाठी पुस्तक वाचून देण्यातून लांब वाचनाचा सराव होतो आणि ते कोणाच्या तरी उपयोगीही पडतं.

महाविद्यालयात असाल तर मुंबई विद्यापीठाचा युवा महोत्सव सोडू नका. शहापूरचं सोनूभाऊ बसवंत महाविद्यालय असो की शिवळ्याचं शांतारामभाऊ घोलप महाविद्यालय, विद्यापीठाशी संलग्न महाविद्यालयांतल्या मुलांना त्यात कथाकथन, एकपात्री, नकला, एकांकिका करता येतात. आवाजाच्या कामाला लागणारा अभिनय तिथे फुकट शिकायला मिळतो. मुंबईत चार दिवसांच्या 'व्हॉइस ओव्हर वर्कशॉप'ला भरमसाट फी भरण्याआधी एक एकांकिका करून बघा.

घरच्या रेकॉर्डिंगबद्दल जरा सविस्तर सांगतो, कारण शहरी मार्गदर्शन आपल्याकडे लागू पडत नाही. तिथे अडचण रहदारीची, इथे पत्र्याची. जून ते सप्टेंबर पत्र्यावर पाऊस वाजत असतो, पाऊस थांबला की बेडूक आणि रातकिडे सुरू होतात. कोंबड्याला तुमच्या टेकशी देणंघेणं नसतं. घरातली सर्वांत आतली, कमी खिडक्यांची खोली निवडा. शक्यतो पत्र्याखाली नको, स्लॅब किंवा माळ्याखालची. मध्यभागी उभं राहून टाळी वाजवा. टाळी घुमली तर भिंतींना गोधड्या टांगा, दोऱ्या बांधून जाड चादरी सोडा, रचलेली भाताची पोती असतील तर त्यांच्या आडोशाला बसा. कपड्यांनी भरलेलं उघडं कपाट समोर ठेवून त्यात तोंड करून बोललं तरी पुष्कळ फरक पडतो. पंखा आणि फ्रिज बंद. सुरुवात केल्यावर दहा सेकंद गप्प राहून खोलीची शांतता ध्वनिमुद्रित करा; नंतर सफाई करताना ती उपयोगी पडते.

माइकच्या मागे लगेच धावू नका. पहिले काही महिने फोन पुरतो. नंतर घ्यायचा झाला तर गोंगाटाच्या घरात डायनॅमिक माइक कंडेन्सरपेक्षा बरा, कारण तो दूरचे आवाज कमी पकडतो. यूएसबीवर चालणारा घेतला तर वीज गेली तरी लॅपटॉपच्या बॅटरीवर काम होतं, आणि वीज जाणारच. पावसाळ्यात माइक हवाबंद डब्यात, सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवा. संपादनाला ऑडॅसिटी हे सॉफ्टवेअर मोफत मिळतं. चित्रपट आणि व्हिडिओसाठी सहसा 48 किलोहर्ट्झ, 24 बिट, वेव्ह फाइल मागतात. अशी दहा मिनिटांची मोनो फाइल 85 एमबीच्या आसपास भरते. टोकावडे किंवा किन्हवलीच्या आतल्या पाड्यावरून ती पाठवायची तर नेटवर्क कुठे आणि किती वाजता बरं मिळतं, हे काम घेण्याआधीच माहीत हवं. शब्द दिलेल्या वेळेला फाइल पोचली नाही तर पुढचा फोन येत नाही.

घशाची काळजीही यातलीच. तंबाखू, मिश्री, गुटखा यांनी आवाज तर जातोच, वर टेकमध्ये थुंकी आणि खाकरणं ऐकू येतं. आदल्या दिवशी दिवसभर सामन्याचं समालोचन करून दुसऱ्या दिवशी रेकॉर्डिंगला बसू नका. आवाज तीन आठवड्यांहून जास्त बसलेला राहिला तर घरगुती काढे पुरे करून कान-नाक-घशाच्या डॉक्टरला दाखवा.

पहिली कमाई कुठली? तालुक्यातलीच. हळदी, लग्न, उद्घाटनं, क्रिकेटचे सामने, म्हसा यात्रेतल्या दुकानदारांच्या जाहिराती, रिक्षावरच्या भोंग्यातून फिरणारी नवीन दुकानाची जाहिरात, मुरबाडच्या औद्योगिक वसाहतीतल्या कंपन्यांच्या सुरक्षेच्या फिती, माळशेजच्या वाटेवरच्या रिसॉर्टच्या रील. आदिवासी पाड्यांवर काम करणाऱ्या संस्थांना ठाकरी किंवा कातकरीतले संदेश लागतात का, विचारून बघा. ही कामं हलकी समजू नका. भोंग्यावरच्या तीस सेकंदांत दुकानाचं नाव, पत्ता आणि सवलत ऐकणाऱ्याच्या डोक्यात बसवायची असते. मोठ्या जाहिरातीतही नेमकं तेच करायचं असतं. फक्त "दादा, आपल्याच गावचं आहे, करून टाक" याला पहिल्यांदा हो म्हटलंत की दुसऱ्यांदा पैसे मागणं अवघड होतं. थोडे घ्या, पण घ्या, आणि बिल द्या.

मग डेमो, म्हणजे स्वतःच्या आवाजाचा नमुना. तो साठ ते नव्वद सेकंदांचा असावा. जाहिरात, माहितीपट, कथावाचन, पात्रांचे आवाज यांच्या फाइली वेगळ्या ठेवा. ऐकणारा पहिल्या दहा सेकंदांत ठरवतो, म्हणून "नमस्कार, माझं नाव" यात वेळ घालवू नका. नाव फाइलला द्या. अमिताभ, नाना, दादा कोंडके यांच्या नकला नकोत. त्या मंचावर टाळ्या घेतात, स्टुडिओला मात्र अजून न ऐकलेला माणूस हवा असतो. तुमच्या बोलीतला एक तुकडा जरूर घाला.

डबिंगची बहुतेक कामं अंधेरी, ओशिवरा, गोरेगाव, मालाड या पट्ट्यात चालतात. आसनगावहून दादरला उतरून पश्चिम रेल्वे पकडण्यापेक्षा घाटकोपरला उतरून वर्सोव्याची मेट्रो घेणं सोयीचं. 2014 पासून ती आहे. मुरबाडला अजून रेल्वे नाही, म्हणून आधी एसटीने कल्याण, मग लोकल. जाऊन-येऊन दिवस जातोच. त्यामुळे एका फेरीत तीन-चार ठिकाणी नमुना द्यायचं ठरवून निघा, आणि काम रात्री लांबलं तर शेवटची कसारा गाडी चुकल्यावर कुठे थांबायचं, ते आधी ठरवा. मुलींनी तर ते घरी सांगूनच निघावं.

नव्या माणसाला बहुधा 'क्राउड'चं काम मिळतं: बाजारातली गर्दी, मोर्चा, लग्नातली कुजबुज. ते नाकारू नका, कारण तिथे काचेपलीकडून जुन्यांचं काम बघता येतं. डबिंगमध्ये प्रत्येकजण बहुधा एकटाच असतो. हेडफोनमध्ये मूळ भाषेतला संवाद, समोर पडद्यावर पात्राचं तोंड, हातात मराठी संवाद. मूळ पात्राचे ओठ मिटतात तिथे प, ब, भ, म यांपैकी काही आलं तर वाक्य चपखल बसतं. नाही आलं तर शब्दांची जागा हलवावी लागते. घरी कोणताही प्रसंग आवाज बंद करून लावा, स्वतः संवाद लिहा आणि तोंडाबरहुकूम बोलून बघा. एका मिनिटाच्या प्रसंगाला संध्याकाळ लागते, लागू द्या. आकाशवाणीचा रस्ता याहून वेगळा आहे. मुंबई केंद्र नैमित्तिक उद्घोषकांसाठी आणि नाट्यकलाकारांसाठी स्वरचाचणी घेतं. पैसे माफक, पण तिथे लागलेली शिस्त आयुष्यभर उपयोगी पडते.

ऑडिशनला कोणी पैसे मागितले तर उठून यायचं. 'नोंदणी फी', 'पोर्टफोलिओ फी', 'कोर्स करा, काम नक्की' ही सगळी एकाच घरची भावंडं. खरं काम देणारा तुम्हाला पैसे देतो.

ते पैसे पुष्कळदा दोन-तीन महिन्यांनी येतात. काम, तारीख, स्टुडिओ, ठरलेली रक्कम वहीत लिहा; बोलणं झालं की व्हॉट्सअ‍ॅपवर एका ओळीत पक्कं करून घ्या. पॅन कार्ड आणि बँक खातं तयार ठेवा. व्यावसायिक मानधनातून सहसा 10 टक्के कर कापला जातो. उत्पन्न करपात्र नसेल तर विवरणपत्र भरून तो परत मिळतो. ते न भरल्याने पुष्कळजणांचे हक्काचे पैसे सरकारजमा राहतात.

कागदावर सही करताना मात्र आता जुन्या लोकांपेक्षा जास्त सावध राहायला हवं, कारण यंत्राला आवाजाची नक्कल करता येते. 2024 मध्ये गायक अरिजित सिंग यांच्या आवाजाची कृत्रिम बुद्धिमत्तेने नक्कल करण्याला मुंबई उच्च न्यायालयाने मनाई केली. ते नामवंत होते, त्यांच्याकडे वकील होते. तुमच्याकडे सही करण्याआधीचा क्षण आहे. 'सर्व माध्यमांत, कायमस्वरूपी' असं लिहिलं असेल तर थांबून विचारा: हा आवाज यंत्राला शिकवायला वापरणार का? 'याच कामापुरता, कृत्रिम आवाज बनवण्यासाठी नाही' हे वाक्य घालून मागा. आवाजाचे नमुने गोळा करण्याची स्वतंत्र कामंही हल्ली निघतात. सरकारच्या 'भाषिणी' प्रकल्पामुळे भारतीय भाषांतल्या बोलण्याला मागणी आली आहे. ती घ्यायला हरकत नाही. मात्र तिथे तुम्ही यंत्राला शिकवण्यासाठीच आवाज देत आहात हे समजून, मोबदला बघून घ्या. साध्या माहितीपर निवेदनाची कामं यंत्र खाणार, हे मला स्पष्ट दिसतं. म्हणूनच अभिनय आणि बोली यांवर मी एवढा जोर दिला.

पहिली दोन-तीन वर्षं यावर घर चालेल असं समजू नका. नोकरी, शेती, शिकवण्या, जे असेल ते चालू ठेवा. डेमो पाठवल्यावर उत्तर आलं नाही तर पंधरा दिवसांनी एकदाच आठवण करा. त्यानंतर पुन्हा संपर्क करायचा तो नवा, आधीपेक्षा बरा नमुना तयार झाल्यावरच.